विकल्प भरण्याआधी

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

आयटीआयच्या फॉर्ममध्ये तू पहिला विकल्प इलेक्ट्रिशियनचा टाकणार, असं आई म्हणाली. मैत्रिणी तोच भरतायत, एवढं कारण मला पुरत नाही.

टाइम ऑफिसात मी हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ बघतो हे तुला माहीत आहे. त्याशिवाय दर तिमाहीला एक कागद माझ्या हातून जात आलाय, ईआर-१, म्हणजे रोजगार केंद्राला द्यायचं विवरणपत्र. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कारखान्यांना तो १९५९ च्या कायद्याने लावून दिला होता; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. माणसं किती, नव्या जागा किती निघाल्या, किती भरल्या, आणि शेवटी योग्य उमेदवार न मिळाल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा, पदाच्या नावासकट. या शेवटच्या रकान्यात आमच्याकडून सीएनसी (कम्प्युटरवर चालणारी मशीन) ऑपरेटर आणि मेंटेनन्स फिटर हीच नावं पुन्हा पुन्हा गेली आहेत. आणि त्याच गेटवर बीए झालेली पोरं हेल्परच्या जागेसाठी सकाळपासून उभी असतात. बघवत नाही गं.

कायद्याने जागा कळवायची असते, पण रोजगार केंद्राने, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजने, पाठवलेलाच माणूस घ्या अशी सक्ती नाही. त्यामुळे कितीतरी जागा ओळखीपाळखीतच भरतात. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड रिन्यू करत आमच्या वयाचे कितीजण नुसते थांबून राहिले. आता राज्याचं महास्वयम् पोर्टल आहे, २०१५ पासून केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, अप्रेंटिसशिपचं पोर्टल आणखी निराळं. माहिती आहे, पण चार ठिकाणी विखुरलेली. ती जुळवायचं काम सरकारचंच, असं माझं ठाम मत आहे. पण तोवर तुझा प्रवेश थांबणार नाही.

तेव्हा या तिन्ही पोर्टलवर नाशिक जिल्हा टाकून बघ, कुठल्या ट्रेडची माणसं मागतायत ते वहीत उतरव. एका दिवसाच्या जाहिरातीवर जाऊ नकोस. कोर्स दोन वर्षांचा आहे, महिनाभर मागणी टिकते का ते बघ. आयटीआयच्या निदेशकांना, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्यांना, मात्र थेट विचार की मागच्या बॅचची मुलं कुठे लागली, किती पगारावर, आणि अप्रेंटिसशिप संपल्यावर कंपनीने ठेवून किती जणांना घेतलं. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही.

फिटरला मुली जात नाहीत, असं मामी म्हणेल. आमच्या सीएनसी लाइनवर मुली आहेत, त्यांच्याशी तुझं बोलणं करून देतो.

एवढं करूनही इलेक्ट्रिशियनच हवं वाटलं, तर खुशाल पहिलं टाक. पुढच्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी आयटीआयत जाऊ. मामाकडून येताना दहावीचं गुणपत्रक विसरू नकोस.

तुझे बाबा