अण्णा, धोटा नेमका कधी सुटतो?

कोलोन, जर्मनी

ती. आई आणि ती. अण्णा यांना शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस की एवढी शिकलीस, चांगल्या पगाराची नोकरी आहे, मग अजून खेळण्यातल्या क्रेनी जोडत का बसतेस. त्यावर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं. हे पत्र त्यासाठीच आहे, आणि शेवटी अण्णांकडे एक कामही आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

आपल्या बाळूकडे ज्या रंगीत विटा होत्या, त्याच कंपनीचा हा प्रकार आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या लहानशा गावातली लेगो. १९३२ साली ओले किर्क क्रिस्तियान्सन नावाच्या सुताराने लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, प्लास्टिकच्या विटा पुढे आल्या. आज जी वीट मिळते तिचं पेटंट १९५८ चं. अण्णा, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहितेय: १९५८ ची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. तुम्ही एकाच कारखान्याच्या दोन मागांचे पार्ट एकमेकांना बसेनात म्हणून कानस घेऊन तासन्‌तास घासत बसायचात. साठ वर्षांपेक्षा जास्त काळ माप न हलवणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?

मी जे जमवते त्याला 'टेक्निक' म्हणतात. १९७७ मध्ये ते निघालं. पहिल्या संचांत एक फोर्कलिफ्ट, एक ट्रॅक्टर, एक हेलिकॉप्टर आणि मोटारीची नुसती चासी होती. त्या चासीला वरून पत्रा नव्हताच. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायची, गाडी ढकलली की इंजिनातले पिस्टन वर-खाली व्हायचे. मला या सगळ्या प्रकारात जे आवडतं ते त्या चासीतच आहे. यंत्रावरचं झाकण काढून ठेवलेलं असतं. शक्ती कुठून निघाली, कुठे वळली, कुठे मंदावली, हे बोट ठेवून दाखवता येतं. मी दिवसभर ऑफिसात ज्या गोष्टींवर काम करते त्या सगळ्या पडद्यावर असतात. संध्याकाळी हातात दाते असलेलं चक्र लागतं तेव्हा बरं वाटतं.

आता दात्यांचंच सांगते. यातली नेहमीची चक्रं ८, १६, २४ आणि ४० दात्यांची. गंमत अशी की जितके दाते तितके मिलिमीटर त्या चक्राचा पिच व्यास, म्हणजे दाते एकमेकांत बसतात तिथला व्यास. आठ दात्यांचं आठ मिलिमीटर, चोवीसचं चोवीस. आणि विटेवरची दोन बटणंही एकमेकांपासून बरोबर आठ मिलिमीटरवर. या अंतराला मी खण म्हणते. त्यामुळे ८ आणि २४ ची जोडी दोन खण अंतरावर चपखल बसते, वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो, जोर तिप्पट होतो. घर्षणात थोडा जातो तो सोडा. स्क्रूसारखे आटे असलेला वर्म घातला तर २४ दात्यांचं चक्र एकदा फिरायला वर्मला चोवीस फेरे घालावे लागतात, आणि वर्म चक्राला फिरवतो पण चक्र वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून क्रेनचा हूक ओझं घेऊन मध्येच थांबवला तरी खाली घसरत नाही. वेगळा ब्रेक लागत नाही.

२००८ पासून यात एक नळी येते. तिच्यात स्क्रू असतो, मोटरने फिरवला की दांडा बाहेर येतो. खोदकाम करणाऱ्या मशीनला जो हायड्रॉलिक जॅक असतो, त्याच्या जागी ही. दांडा शेवटापर्यंत पोचला आणि मोटर चालूच राहिली तर आत कट्‌-कट्‌-कट्‌ असा आवाज येतो, कारण आतला क्लच सुटतो आणि काही मोडत नाही. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला आपला माग आठवला. आडवा धागा नेणारा धोटा उभ्या धाग्यांच्या ताण्यात अडकला की माग धाडकन आपोआप उभा राहायचा आणि तुम्ही सांगायचात, "तो थांबला म्हणून ताणा वाचला." यंत्राने स्वतःला आणि मालाला वाचवावं, ही कल्पना मी कॉलेजात नाही शिकले. ती आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकले.

माझ्याकडचं सगळ्यात मोठं मॉडेल म्हणजे बकेट व्हील एक्स्कॅव्हेटर. २०१६ चा संच, ३९२९ तुकडे, आणि मोटर मात्र एकच. ती एकच मोटर पुढचं बादल्यांचं चाक फिरवते, पट्टे चालवते आणि रणगाड्यासारख्या साखळ्यांवर अख्खं यंत्र पुढे नेते. शक्ती कुठे जाईल ते खटके सरकवून ठरवायचं. २०१९ मध्ये लीबहेर कंपनीच्या खाणीतल्या एक्स्कॅव्हेटरचं मॉडेल आलं, त्यात ४१०८ तुकडे आणि सात मोटरी, सगळं मोबाइलवरून चालतं. लोक त्याचं फार कौतुक करतात. मला विचाराल तर एका मोटरीवर सगळं काम काढणारं यंत्र जास्त शहाणं. एका लाइनशाफ्टवर, म्हणजे एकाच लांब फिरत्या दांड्यावर, पट्टे घालून सगळे माग फिरायचे, ती आजोबांच्या वेळची गोष्ट तुम्हीच सांगितली होती ना अण्णा, त्याच जातीचं हे डोकं.

आणि या यंत्राचा खरा भाऊ माझ्या घरापासून तासाभराच्या आत आहे. गार्त्सवायलरला लिग्नाइट कोळशाची उघडी खाण आहे, तिथे 'बॅगर २८८' चालतो. क्रुप कंपनीने १९७८ मध्ये बांधला. वजन १३,५०० टन, लांबी साधारण २२० मीटर, पुढच्या चाकाचा व्यास २१ मीटरहून जास्त, त्यावर अठरा बादल्या. २००१ मध्ये हाम्बाखच्या खाणीतून गार्त्सवायलरला तो स्वतःच्या साखळ्यांवर २२ किलोमीटर चालत गेला, तीन आठवडे लागले. वाटेत हमरस्ता, रेल्वे आणि नदी ओलांडली. काठावर उभं राहून बघितलं तर चाक अगदी संथ फिरताना दिसतं, लांबून वाटतं काहीच होत नाही, आणि दिवसाकाठी दोन लाख चाळीस हजार घनमीटर माती उचलली जाते. या खाणीपायी आसपासची गावंच्या गावं उठली. लुत्सेराथ नावाचं गाव २०२३ च्या जानेवारीत रिकामं केलं तेव्हा इथे मोठं आंदोलन झालं होतं. यंत्राचं मला अपार कौतुक आहे, पण त्या काठावर उभं राहिल्यावर कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल आजी जे बोलायची तेही आठवतं. दोन्ही गोष्टी एकदम मनात असतात आणि मी त्यातली एक टाकून देत नाही. तुम्ही इकडे आलात की तिथे नक्की नेणार आहे.

आई, तुझा खरा प्रश्न पैशांचा होता, हे मला कळतं. नवे मोठे संच महाग असतात, खोटं कशाला बोलू. पण घरखर्च, तुम्हाला पाठवायचे ते आणि बचतीचे बाजूला काढल्यावर जे उरतं त्यातून हे होतं, आणि बरंचसं मी जुनं घेते. इथे रविवारी जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, तिथे विटा पोत्यातून, वजनावर मिळतात. घरी आणून धुवायच्या, वाळवायच्या, मग दात्यांप्रमाणे, लांबीप्रमाणे डब्यांत निवडायच्या. तांदूळ निवडायला बसल्यासारखं डोकं शांत होतं. जुन्या मालाची ओळखही हळूहळू येते. २००४ च्या सुमारास कंपनीने करडा रंग बदलला, त्यामुळे पिवळसर झाक असलेला करडा तुकडा दिसला की तो त्याआधीचा हे लगेच समजतं. काही लोक खोकं न उघडता ठेवतात, संच बंद झाला की चढ्या भावाने विकतात. मला ते पटत नाही. जोडायला केलेली वस्तू जोडावी.

आणि हे लहान मुलांचं आहे, असंही तू म्हणालीस. २०२० पासून मोठ्या संचांच्या खोक्यावर '१८+' छापतात. पण त्याहून चांगला दाखला सांगते. दादाकडे मेकॅनिक्सचा डबा होता ना, भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्टचा? तसाच इंग्लंडचा मेकॅनो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १९३४ मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठात डग्लस हार्ट्री या प्राध्यापकाने आणि आर्थर पोर्टर या त्याच्या विद्यार्थ्याने त्याच मेकॅनोच्या पट्ट्या आणि चक्रांतून गणितातली समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं, आणि ते खरंच चाललं. खेळण्याच्या पेटीतून.

आता कामाचं. अण्णा, मी माग बनवतेय.

कुठल्या संचातला नाही, स्वतःच्या डोक्याने. आमच्यात त्याला 'मॉक' म्हणतात, म्हणजे सूचनांच्या पुस्तकाशिवाय केलेलं. विटांचे माग याआधीही लोकांनी केलेत, चांगलं कापड निघतं त्यांवर. पण मला आपला माग हवाय, तुम्ही माग लावणारे, दुरुस्त करणारे जॉबर म्हणून ज्यांच्यावर आयुष्य घालवलंत तो साधा माग. तुमचे माग भंगारवाल्याने किलोवर नेले त्या दिवसापासून तुम्ही त्याबद्दल बोलत नाही. मी तेव्हा विचारायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. आता विचारतेय.

वरचा क्रँकशाफ्ट आणि खालचा शाफ्ट यांच्यात दोनास एक प्रमाण हवं, वरचा दोनदा फिरला की खालचा एकदा. म्हणजे धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटेल आणि ताण्याचे धागे उचलणाऱ्या वह्याही आळीपाळीने वर-खाली होतील. त्यासाठी ८ आणि १६ दात्यांची जोडी लावली. ती दीड खणावर बसते, सरळ भोकांत मावत नाही. शेवटी दोन भोकांची छोटी वीट मध्ये घालून अर्धा खण सरकवला तेव्हा चक्रं लागली. दांड्यावर चक्र अगदी आवळून बसवलं तर सगळं जड होतं, म्हणून नखाच्या जाडीइतकी मोकळीक ठेवलीय. आडवा धागा ठोकून बसवणारी फणी मस्त मागे-पुढे होते. वह्याही उचलतात.

अडलंय ते धोट्यापाशी. त्याला ठोकर देणारी काठी मी खालच्या शाफ्टवरच्या कॅमने, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेल्या चाकाने, मारतेय. लवकर मारली तर ताणा पुरता उघडलेला नसतो आणि धोटा धाग्यांत घुसतो. उशिरा मारली तर तो पलीकडे पोचायच्या आत फणी येऊन त्याला चेपते. पुस्तकात अंश दिलेत, ते लावून बघितले, पण पुस्तकातला धोटा जड लाकडाचा, टोकाला लोखंड असलेला. माझा प्लास्टिकचा, हलका, त्याला स्वतःचा जोरच राहत नाही. तुम्ही तर कधी अंश मोजले नाहीत. हाताने चाक फिरवून फणी कुठे आली ते बघायचात आणि तिथे बोल्ट आवळायचात. फणी नेमकी कुठे असताना धोटा सुटायला हवा? आणि ठोकर सुरुवातीला हळू आणि शेवटी जोरात, की एकदम? कॅमचा आकार त्यावर ठरेल. धोट्यात वजन घालायचं तर मध्ये घालू की टोकांना?

आई, तुझ्याकडेही काम आहे. धोट्यात बसते ती धाग्याची कांडी. मी मोटरीवर भरून बघितली तर धागा मधोमध ढीग होतो आणि विणताना खेचला की तुटतो. तू कांड्या भरताना धागा दोन बोटांतून सोडायचीस आणि हात वर-खाली न्यायचीस, ते मी रोज बघितलंय, पण बोटं किती आवळायचीस ते बघून कळत नाही. कांडी कडक भरायची की नरम? सुरुवात बुडापासून करायचीस ना? धागा म्हणून साधी शिलाईची रिळं वापरतेय, तेही चुकीचं असेल तर सांग.

दादाच्या मेहुण्याबरोबर एक खोकं पाठवतेय, तो पुढच्या महिन्यात येईल. त्यात दोन मोटरी, बॅटरीची पेटी, चक्रं आणि पुरेशा पट्ट्या आहेत. अण्णांच्या बोटांना बारीक पिना दाबायला त्रास होईल म्हणून पिना काढायचं साधन घातलंय आणि चक्रं दात्यांप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून वर मोठ्या अक्षरांत आकडे लिहिलेत. नुसती ठोकर देणारी काठी आणि कॅम एवढाच भाग जोडायचाय. बाकी माग इथे तयार आहे.

अण्णा, फोनवर "बरं बघू" म्हणू नका. वहीच्या पानावर आकृती काढा, फणीची जागा पेन्सिलीने दाखवा आणि आईला फोटो काढून पाठवायला सांगा. रविवारी तुमच्या दुपारी चार वाजता मी माग समोर ठेवून व्हिडिओ कॉल लावते.

आईच्या गुडघ्याचं औषध सुरू आहे ना? तेही कळवा.

तुमची,
शुभा

ता. क. बॅटरीच्या पेटीत पेन्सिल सेल लागतात, सहा. काम झालं की काढून ठेवा, आत राहिले की पाझरतात.