ड्रमरला स्टुडिओच्या काचेपलीकडे बसवणाऱ्या सरांना

सर, सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांसमोर लिहितोय. ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणाऱ्या मला संगीत संयोजनाकडे वळवताना तुम्ही एकदाही उपदेश केला नाहीत. नारद मायकेल वॉल्डन या अमेरिकन ड्रमर आणि संगीत-निर्मात्याच्या रेकॉर्ड्स ऐकवल्यात, त्याही सालवार. माझं पुढचं सगळं काम त्यातून उभं राहिलं.

सुरुवात 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या जॅझ-रॉक बँडपासून. मिशिगनमधल्या कॅलमझूचा हा तरुण विशीच्या सुरुवातीलाच बँडचे आधीचे ड्रमर बिली कोबम यांच्या जागी बसला. 'नारद' हे नाव त्यांना त्यांचे आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. १९७४ च्या 'अपोकॅलिप्स'मध्ये सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता आणि निर्माते होते बीटल्सच्या रेकॉर्ड्स घडवणारे जॉर्ज मार्टिन. म्हणजे एवढ्या लहान वयात वॉल्डनना मार्टिनसारख्या माणसाचं काम जवळून पाहायला मिळालं. रेकॉर्ड मध्येच थांबवून तुम्ही विचारलंत, "इथे ड्रम गप्प का बसलाय, सांग." असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग गिटारवादक जेफ बेक यांचा १९७६ चा अल्बम 'वायर्ड'. त्यातल्या चार रचना वॉल्डन यांच्या, आणि 'लव्ह इज ग्रीन'मध्ये पियानोवरही तेच! "ड्रमरला सुरांचं काय कळतं" हे मी इतकी वर्षं ऐकत आलो होतो, की ती संध्याकाळ माझ्यासाठी औषध ठरली.

फंक, म्हणजे ठेक्यावर उभं असलेलं ते नाचरं संगीत, तुम्ही टेबलावर बोटं आपटून समजावलंत. आपल्या समेसारखं पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र उतरायचं, आणि मधल्या वेळात दुसऱ्यानं मोकळी सोडलेली जागा शोधायची. 'आय शुडा लव्हड या'पर्यंत वॉल्डन स्वतःच गात होते. १९८० मध्ये तेरा वर्षांच्या गायिका स्टेसी लॅटिसॉसाठी त्यांनी 'जंप टू द बीट' केलं, आणि मग ते दुसऱ्यांच्या गाण्यांत रमत गेले.

'फ्रीवे ऑफ लव्ह'ची गोष्ट तुम्ही सांगितलीत ती मी अजून सगळ्यांना सांगतो. जेफ्री कोहेन यांच्याबरोबर लिहिलेलं हे गाणं वॉल्डननी स्वतःच्या अल्बमसाठी ठेवलं होतं. ते त्यांनी गायिका अरीथा फ्रँकलिन यांना दिलं. अरीथाबाई विमानात बसायला घाबरत, म्हणून रेकॉर्डिंगला वॉल्डनच डेट्रॉइटला गेले. १९८५ च्या त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. हातातलं सगळ्यात चांगलं गाणं आपल्यापेक्षा मोठ्या गळ्याला देऊन टाकणं! निर्माता म्हणून त्यांची सगळी थोरवी मला त्या एका निर्णयात दिसते.

त्याच वर्षी व्हिटनी ह्यूस्टन यांचं 'हाऊ विल आय नो' आलं. मेरिल आणि रुबिकॅम या गीतकार जोडीनं ते आधी जॅनेट जॅक्सनसाठी लिहिलेलं; तिथे ते घेतलं गेलं नाही. वॉल्डननी कडव्यांचे शब्द बदलले, मागच्या आवाजांत व्हिटनीच्या आई सिसी ह्यूस्टन यांनाही गायला बोलावलं. १९८६ मध्ये गाणं बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता-यादीत पहिलं आलं. १९८७ च्या 'आय वॉना डान्स विथ समबडी'चा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, साधा होता, त्यात नाचाची ताकद त्यांनी भरली. पण सर, दोन्हींत ठेका कितीही जोरकस असला तरी व्हिटनीचा आवाज कुठेही दबत नाही. ते ऐकूनच तुम्ही माझ्या पहिल्या भावगीताच्या मिक्सिंगला मागे बसून म्हणालात, "अंतऱ्यातला हाय-हॅट काढ. पोरगी श्वास घेतेय तो ऐकू दे." ड्रमच्या झांजांचा तो आवाज मी काढला. त्या गायिकेला आज लोक त्या अंतऱ्यासाठी ओळखतात.

आणखी एक गोष्ट लोकांना कळायला हवी. रात्री स्टुडिओ रिकामा झाला की तुम्ही किल्ली माझ्या हातात द्यायचात. त्या तासांचा एक रुपयाही तुम्ही कधी घेतला नाहीत, आणि बाहेर कुणाला सांगितलंही नाहीत. मी मात्र सांगणार.

तुमचा विद्यार्थी