आक्का, बॅग जिन्याखाली ठेवलीत त्याबद्दल

ती. आक्कांना सा. न.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं असतं तर "कशाला रे गाव गोळा करतोस" म्हणाला असता.

व्यसनमुक्ती केंद्रातून बेळगावात परतलो तेव्हा खोली मिळेना. घरी जावं तर बरोबर पिणारे गल्लीच्या तोंडालाच बसलेले. अनगोळात एकानं घेतलेलं डिपॉझिट परत केलं. कारण विचारायची गरज नव्हती. मग वडगावातला तुमचा वरचा मजला. माझ्यासारखेच तिघे आधीपासून होते. तुम्ही म्हणालात, "भाडं एक तारखेला. भाकरीची पाळी कॅलेंडरवर लिवलेली हाय. पिऊन आलास तर त्याच रात्री बॅग जिन्याखाली." आणि चावी हातात दिलीत. चावी, आक्का! घरी कपाटाची चावी माझ्यापासून लपवायला लागून चार वर्षं झाली होती.

भूक, राग, एकटेपणा, थकवा. यांना सांभाळा, असं केंद्रात पाठ करून घेतलेलं. उद्यमबागेतला कारखाना सुटला की चारही एकदम यायचे. त्या तासाला माझ्या हातात ज्वारीचं पीठ असायचं आणि खालून तुमची हाक, "करपल्याचा वास यायलाय, उलट की!"

आठव्या महिन्यात विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडं निघाली आणि मी गोव्याहून आलेल्या बाटलीकडं. बहिणीकडं आहे सांगून चार दिवस बाहेर पीत होतो. पाचव्या रात्री दोनला आलो तर बॅग जिन्याखाली. दोरीवरचे ओले कपडेसुद्धा वेगळ्या पिशवीत घातलेले. पण वरच्या दोघांना उठवून ठेवलं होतंत, "ह्याला थेट दवाखान्यात न्या, एकटा सोडू नका." पूर्वी एकदा मी घरीच दारू एकदम तोडली होती आणि दुसऱ्या दिवशी फिट आली होती, हे मी कधीतरी बोलून गेलो होतो. अशात जीवही जातो, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही लक्षात ठेवलंत.

तरी महिनाभर तुम्हाला शिव्या घातल्या. खरं तेच लिहितो.

परत आलो तेव्हा "जेवलास काय?" विचारलंत आणि निर्णय वरच्या तिघांवर सोडलात. त्यांना अर्धा तास लागला. तुम्ही लसूण सोलत बसला होता.

पुढं दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये कळलं, अमेरिकेत मेरीलँडला १९७५ साली असंच एक सरकारी घर बंद पडायला आलं, तेव्हा राहणाऱ्यांनीच ते भाड्यानं घेतलं. कारभार सगळ्यांनी मिळून, खर्च वाटून, पिणारा बाहेर. तुम्हाला कौतुकानं सांगितलं तर म्हणालात, "तिकडं लाईट बिल कोण भरतंय?"

माझी चावी नव्या पोराला दिली आहे. पीठ कुठल्या डब्यात ते दाखवलं. माझ्या वाटणीचं लाईट बिल एकशे चाळीस राहिलंय, एक तारखेला घेऊन येतो.

तुमचा,
वरचा चौथा