साहेब, एफआयआरमध्ये आरोपी म्हणून माझ्या मेलेल्या भावाचं नाव आहे

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यातला माणूस, थोडी शेती आणि दुधाचा धंदा. मंत्र्याला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुमच्याबद्दल मनात आदर होता, आजही तो सगळा गेलेला नाही, कारण रस्त्यावर मरणाऱ्या माणसांबद्दल संसदेत इतकं उघड बोलणारा मंत्री मी तरी दुसरा बघितला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत तुम्ही म्हणालात की परदेशातल्या परिषदांमध्ये अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावं लागतं. ते आम्ही घरात बसून ऐकलं, माझा धाकटा भाऊ पण शेजारी होता. तो आज नाही. आणि गेल्या आठवड्यात पोलीस स्टेशनातून त्याच्या अपघाताच्या एफआयआरची कॉपी हातात पडली, म्हणून हे लिहितोय.

त्यात लिहिलंय की माझ्या भावाने रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, भरधाव वेगात मोटरसायकल चालवली आणि तो स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला. भारतीय न्याय संहिता, कलम १०६ आणि २८१. मयत म्हणून त्याचंच नाव आणि आरोपी म्हणून पण त्याचंच. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाले अशा केसमध्ये असंच लिहितात, टेन्शन घेऊ नका, आरोपी मयत आहे म्हणजे अबेट समरी जाईल, केस बंद होईल. साहेब, केस बंद होईल हे ते मला धीर द्यायला सांगत होते.

त्या रात्री काय झालं ते सांगतो. तो तासवडे एमआयडीसीत सेकंड शिफ्टला होता. दुपारी गेला तेव्हा डायव्हर्जन एका बाजूने होतं, संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसांनी ते बदललं, हायवे तोडून सगळी वाहतूक सेवा रस्त्यावर काढली आणि जुन्या लेनच्या तोंडाला सिमेंटचे ठोकळे आडवे लावले. त्याच्यावर लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, अलीकडे बोर्ड नाही, झेंडी घेतलेला माणूस नाही, लाइट तर त्या पट्ट्यात काम सुरू झाल्यापासूनच नाहीत. वरून पाऊस. दुपारी ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने तो परत येत होता, त्याला कसं कळणार की मधल्या काही तासात रस्ताच बंद केलाय? हेल्मेट होतं डोक्यावर, आयएसआय मार्कचं, पट्टा लावलेलं. त्याचं लायसन, इन्शुरन्स, पीयूसी सगळं व्यवस्थित होतं, त्या बाबतीत तो माझ्यापेक्षा काटेकोर होता.

सकाळी पंचनाम्याला पोलीस आले तेव्हा त्याच ठोकळ्यांना नवीकोरी रेडियम चिकटवलेली होती आणि अलीकडे बोर्ड पण उभा होता. रात्रीचे फोटो माझ्याकडे आहेत, ज्या टेम्पोवाल्याने भावाला उचललं त्याने काढलेले. पंचनाम्यात ते फोटो घ्या म्हणून हात जोडले, घेतले नाहीत. 

त्या टेम्पोवाल्याबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण त्या रात्री सरकारच्या नावाने जे काय काम झालं ते त्या एका माणसाने केलं. भाजीपाला घेऊन पुण्याला चालला होता, माल उतरायला उशीर झाला की पैसे कापतात, तरी थांबला. त्याने हायवेच्या हेल्पलाइनला, १०३३ ला पण फोन केला आणि १०८ ला पण, मग वाट न बघता स्वतःच गाडीत घेतलं. तुमच्या २०१९ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे, मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, सुप्रीम कोर्टाने तर त्याच्याही आधी २०१६ ला सांगितलंय, आणि आता राहवीर म्हणून २५ हजाराचं बक्षीसही आहे. त्याला दवाखान्याच्या दारात बसवून ठेवलं, गाडी तुझीच धडकली का म्हणून परत परत विचारलं. पहाटे सोडलं. जाताना माझ्या हातात दोनशे रुपये ठेवून गेला, चहापाण्याला लागतील म्हणून. 

आता दवाखान्याचं. ५ मे २०२५ ला तुमच्या मंत्रालयाने कॅशलेस उपचाराची योजना काढली, अपघात झाल्यापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, कुणी पण असो. मला ती माहीत होती, मोबाइलवर वाचली होती, मला वाटलं चला निदान पैशाची तरी ओढाताण नाही. हायवेलगतच्या दवाखान्यात काउंटरवर सांगितलं तर त्या पोराने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी परदेशातली गोष्ट मागतोय. आमच्याकडे ही स्कीम चालत नाही, आधी डिपॉझिट भरा, सीटी स्कॅनचे वेगळे. भाऊ स्ट्रेचरवर. मी पतसंस्थेच्या चेअरमनला अपरात्री उठवलं, भावजयीने मंगळसूत्र काढून दिलं. आत घेतलं तोवर किती वेळ गेला हे मी मोजलं नाही, मोजून करू काय? डॉक्टर नंतर म्हणाले थोडं लवकर आणायला हवं होतं. लवकरच आणलं होतं साहेब. दारातच होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

त्या योजनेचंच बघा, गोल्डन अवरमध्ये, म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासात, फुकट उपचार हे त्याच कायद्याच्या कलम १६२ मध्ये २०१९ लाच लिहिलंय. योजना निघाली २०२५ ला, ती पण कधी, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने १४ मार्चची मुदत दिली, ती पण पाळली नाही, मग एप्रिलमध्ये कोर्टाने तुमच्या सचिवांना उभं करून सुनावलं की मोठमोठे हायवे बांधताय पण त्याच्यावर माणसं मरतायत. सहा वर्षं कायद्याच्या पुस्तकात पडून होती ही योजना! त्या सहा वर्षांत देशात रस्त्यावर नऊ लाखांवर माणसं गेली असतील, त्यातली किती डिपॉझिटच्या काउंटरवर गेली हे कोण सांगणार.

तुम्ही आकडे मांडता म्हणून मी पण बघितले, रात्री झोप येत नाही तेव्हा हेच बघत बसतो. नोव्हेंबर २०१५ ला ब्राझीलमध्ये आपण सही केली, २०२० पर्यंत रस्त्यावरचे मृत्यू निम्मे करणार. त्या वर्षी १ लाख ४६ हजार लोक मेले होते. २०२० ला लॉकडाऊन, सगळा देश महिनोन् महिने घरात, तरी १ लाख ३० हजाराच्या वर. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टॉकहोमला परत तोच शब्द दिला, आता तारीख २०३०. आणि २०२२ ला १ लाख ६८ हजार, २०२३ ला १ लाख ७२ हजार, २०२४ ला १ लाख ७७ हजार. निम्मे करायचं होतं, दर वर्षी वाढतायत. एकट्या महाराष्ट्रात वर्षाला १५ हजार. 

आणि ह्या आकड्यांच्या खाली कारणं दिलेली असतात ती मला आता वाचवत नाहीत. २०२२ च्या रिपोर्टात लिहिलंय ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे. मी आधी हे खरं मानायचो, चौकात बसून मी पण म्हणायचो की पोरं गाड्या पळवतात. आता मला माहीत आहे हा आकडा कुठून येतो. तो पोलीस स्टेशनातून येतो, माझ्या हातात आहे तसल्या कागदावरून. भरधाव वेगात हे दोन शब्द सगळ्या एफआयआरमध्ये आधीच तयार असतात, तेच पुढे पोर्टलवर भरतात, तेच दिल्लीला जातं. म्हणजे पुढच्या रिपोर्टात माझा भाऊ अतिवेगाच्या रकान्यात असणार. सिमेंटचा ठोकळा कुठल्याच रकान्यात नसणार. मग तुमचे अधिकारी तो तक्ता बघून ठरवणार की लोकांना शिस्त नाही, दंड वाढवा, जनजागृती करा. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, आमच्याकडे विनाहेल्मेटवाल्यांना गुलाबाचं फूल देऊन फोटो काढतात. माझ्या भावाला एकदा थांबवून हेल्मेट घातल्याबद्दल फूल दिलं होतं, तो फोटो अजून त्याच्या मोबाइलमध्ये आहे.

गाड्या कोणी पळवतच नाही असं माझं म्हणणं नाही. पळवतात, दारू पिऊन चालवतात, उलट्या बाजूने येतात, हे सगळं आहे. पण राष्ट्रीय महामार्ग देशातल्या रस्त्यांच्या दोन टक्के, आणि छत्तीस टक्के मृत्यू त्याच्यावर. बेशिस्त लोक काय फक्त हायवेवरच येतात का? 

तुम्हीच २०२५ ला जाहीर भाषणात सांगितलंत की अपघातांना सिव्हिल इंजिनिअर आणि चुकीचे डीपीआर, म्हणजे रस्त्याचे प्रकल्प आराखडे, करणारे जबाबदार आहेत. मग त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आमच्या एफआयआरमध्ये का नाही? स्टेजवर इंजिनिअर दोषी आणि पोलीस स्टेशनात मेलेला दोषी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. काम चालू असलेल्या रस्त्यावर किती अलीकडे बोर्ड लावायचा, कुठं दिवा, कुठं माणूस उभा करायचा याचं अख्खं पुस्तक आहे इंडियन रोड्स काँग्रेसचं, एसपी ५५. मी दूध घालणारा माणूस ते शोधून वाचू शकतो, तर हजारो कोटीचं काम घेतलेल्या ठेकेदाराला आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या कन्सल्टंटला वाचता येत नाही का? आणि नाही पाळलं तर शिक्षा काय? मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ, जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड. एक लाख. माझ्या भावाच्या दवाखान्याचं बिल त्याच्यापेक्षा जास्त झालं. विनाहेल्मेट सापडलो तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन बंद, मग माणूस मारणारं डायव्हर्जन ठेवलं तर ठेकेदाराचं लायसन तीन महिने तरी बंद करा की. 

ब्लॅक स्पॉटचा नियम पण वाचला. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मोठे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट. डायव्हर्जन तर दर महिन्याला जागा बदलतं, तिथं तीन वर्षं कुठून भरणार? आमचा ठोकळा आज तिथं नाही, पुढे सरकलाय. 

हे दु:ख आमच्या एकट्याचं नाही हे कळतं मला. खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणाला एप्रिल २०१८ मध्ये विजापूरकडचे मजूर टेम्पोसकट खाली गेले, सतरा-अठरा माणसं, ते वळण धोक्याचं आहे हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. पुणे-सातारा सहापदरी २०१० ला सुरू झालं, २०१३ ला व्हायचं होतं, कितीतरी वर्षं तसंच रखडलं, टोल मात्र चालूच राहिला. आता तेच साताऱ्यापासून कागलपर्यंत चाललंय, इथंही तासवड्याला टोल भरायचा आणि पुढं जाऊन अंधारात ठोकळा शोधायचा. टोल कापायला एक सेकंद लागत नाही, फास्टॅगला पावसात पण दिसतं, आणि बोर्ड लावायला माणूस मेल्यावर सकाळ उजाडावी लागते. गोपीनाथ मुंडे साहेब केंद्रात मंत्री झाले आणि आठ दिवसांत, ३ जून २०१४ ला, दिल्लीच्या रस्त्यावर गेले. तेव्हा वाटलं होतं आता तरी हलतील सगळे. नवीन कायदा करतो म्हणाले, तो यायला पाच वर्षं लागली. मंत्र्याच्या मरणाने ज्यांना पाच वर्षं लागतात त्यांना एमआयडीसीतल्या पोराच्या मरणाने काय फरक पडणार, असं आमचे लोक म्हणतात, आणि मला त्यांना उत्तर देता येत नाही. आमदार, खासदार, कलेक्टर सगळ्यांची मिळून रस्ता सुरक्षा समिती आहे म्हणे. सांत्वनाला पुढारी येऊन गेले, सगळ्या पक्षाचे. डायव्हर्जनवर एक जण गेला नाही. ठेके कोणाला मिळतात, खडी कुणाच्या क्रशरची असते, डंपर कुणाचे असतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच कोणी जात नाही.

मला नुकसानभरपाईसाठी रडायचं नाही, जरी वकील म्हणतोय की स्वतःच्याच चुकीने मेला असं कागदावर राहिलं तर क्लेमला पण अडचण येणार. आईला अजून सांगितलेलं नाही की कागदावर काय लिहिलंय. तिच्या पोराला आरोपी म्हटलंय हे मी तिला सांगणार नाही आणि ते तसं राहू पण देणार नाही.

एफआयआर राज्याच्या पोलिसांचा विषय आहे, हे उत्तर मला देऊ नका, रस्ता तुमच्या मंत्रालयाचा आहे. त्या कामाचा ठेकेदार, कन्सल्टंट आणि त्या पट्ट्याचा अधिकारी यांच्यावर १९८अ खाली तक्रार तुमच्या मंत्रालयाने स्वतः करावी, रात्रीचे फोटो मी द्यायला तयार आहे, टेम्पोवाला साक्ष द्यायला तयार आहे. रस्त्याच्या कामाच्या जागी माणूस मेला तर डायव्हर्जनची तपासणी झाल्याशिवाय, आणि ती पण ठेकेदाराची माणसं तिथं पोचायच्या आत, मेलेल्याला आरोपी करायचं नाही असा आदेश सगळ्या राज्यांना काढायला लावा. हायवेलगतच्या कुठल्या दवाखान्यात कॅशलेस आहे त्याचे बोर्ड हायवेवर लावा, टोलनाक्याचे बोर्ड लावता तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आणि हे सगळं कमिट्या बसवून पुढच्या वर्षी करू नका. नोव्हेंबरला कारखाने पेटतात, उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रभर ह्याच डायव्हर्जनवरून जाणार, मागं दिवा नाही, रेडियम नाही, ट्रॉलीच्या बाहेर ऊस लोंबतोय, आणि त्याच अंधारात शिफ्ट सुटलेली पोरं. त्याच्या आत शेंद्र्यापासून पेठ नाक्यापर्यंतच्या प्रत्येक डायव्हर्जनवर लाइट लावा, आणि लावले की नाही ते बघायला दिवसा नाही, रात्री अकरानंतर कोणालातरी मोटरसायकलवरून पाठवा.

आपला,
कराड तालुक्यातला एक दूध उत्पादक