तळातल्या संघात पोरं उतरवताना

चि. अभिजित यास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या तालमीचा, गुणतक्त्यात तळाला असलेला फुटबॉल संघ प्रशिक्षक म्हणून तुझ्याकडे आला आणि पाठोपाठ तालमीच्या कट्ट्यावरून मागणीही आली, ‘सीनियर थकलेत, पोरांना घे.’ मागणी चुकीची नाही. पण ती करणाऱ्यांतल्या निम्म्यांना आपल्या गल्लीतलं पोरगं अकरात हवं असतं आणि उरलेल्यांना परदेशी खेळाडूचा खर्च वाचवायचा असतो. गुण मात्र तुला मिळवायचेत. तेव्हा पोरगं कुठलं घ्यायचं याचा घोळ नंतर घाल. कुठल्या जागी, कोणाच्या शेजारी आणि किती मिनिटं, हे आधी ठरव.

सगळा संघच पोरांचा केला की काय होतं, ते भारतीय फुटबॉल महासंघाच्या तरुण संघाकडे, इंडियन अ‍ॅरोजकडे बघून कळतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातली बरीच पोरं त्याच मोसमात त्या संघातून आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा खेळली. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यात दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. मोसम संपला तेव्हा दहा संघांत दहावा नंबर. पोरांच्या पायात खेळ होता. पण सामना हातातून सुटायला लागला की चेंडू धरून खेळ थंड करणारा, दोन फाउल काढून श्वास घ्यायला वेळ देणारा जुना गडी त्यांच्यात नव्हता. तो संघ शिकण्यासाठीच उतरवलेला, त्याला खालच्या विभागात जायची भीती नव्हती. तुला ती सवलत नाही.

उलटी बाजू इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबची. २००१-०२ मध्ये संघ पंधरावा. पुढच्या मोसमात प्रशिक्षक डेव्हिड मॉयस यांनी सोळा वर्षांच्या वेन रूनीला घेतलं, पण लीगमधल्या निम्म्याहून अधिक सामन्यांत तो बदली म्हणूनच आत आला. आर्सेनलविरुद्धचा तो गाजलेला गोलही, १९ ऑक्टोबर २००२ चा, शेवटची दहा मिनिटं उरलेली असताना उतरून मारलेला. अवतीभवती केव्हिन कॅम्पबेल, डेव्हिड वेअर असे तिशी ओलांडलेले गडी होते. संघ त्या वर्षी सातवा आला. रूनी काही दर मोसमाला सापडत नाही, पण मिनिटांचा हिशेब आपल्यालाही ठेवता येतो.

गोलरक्षक, एक स्टॉपर म्हणजे बचावाच्या मधला गडी, आणि मधल्या फळीतला एक हाफ, हा कणा जुन्यांचाच ठेव. एका वेळी मैदानावर दोन नवी पोरं, फार तर तीन, आणि तीही एकमेकांना लागून नकोत. राईट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, नवा असेल तर त्याच्या पुढे कडेने चढाई करणारा विंगर जुना हवा. दोघेही नवे असले की समोरचा प्रशिक्षक दहा मिनिटांत ओळखतो आणि प्रत्येक चाल त्याच बाजूने काढतो. गोलरक्षक तर मोसमाच्या मध्यात बदलूच नको. विंगरची चूक झाकायला मागे चौघे असतात, गोलरक्षकाची चूक थेट फलकावर लागते.

म्हणून सुरुवात विंगवरून. पहिले तीन सामने प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, मग एक पूर्ण उत्तरार्ध, त्यानंतर पहिल्या अकरात. उत्तरार्धात उतरवताना आपल्या बाकाच्या बाजूची विंग दे, म्हणजे तुझा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो. पलीकडच्या विंगवर त्याला फक्त प्रेक्षक ऐकू येतात, आणि आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर विरुद्ध पेठेचे प्रेक्षक काय ऐकवतात ते तुला सांगायला नको. सांगायचं तेही एकच काम, ‘चेंडू गेला की पाच सेकंदांत आपल्या बॅकच्या पुढे येऊन उभा राहा.’ पाच सूचना दिल्यास तर तो त्या आठवत बसेल आणि चेंडू पायाखालून जाईल.

०-३ मागे असताना पोरगं आत सोडणं ही संधी नव्हे. संघ विस्कटलेला असतो, पास मिळत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ‘काय दम नाही’ असा शिक्का बसतो. बरोबरी चालू असताना किंवा एका गोलने पुढे असताना उतरव. काळजाचा ठोका चुकेल, पण त्याचा खरा अंदाज तिथेच येतो. आणि बदली म्हणून आत गेलेल्याला पुन्हा बाहेर काढू नको, दुखापत सोडून. त्या एका बदलाने महिन्याची मेहनत पाण्यात जाते. फुटबॉलचे मूळ नियम पाच बदलांपर्यंत मुभा देतात आणि मध्यंतर सोडून ते तीनच थांब्यांत करायचे असतात. स्थानिक स्पर्धेत मुभा कमी असू शकते, पत्रक नीट वाच.

बचावात नवा पोरगा हमखास दोन चुका करतो. पहिली म्हणजे भीतीने तो बचावफळीच्या दोन पावलं मागे उभा राहतो, आणि ऑफसाइडमध्ये सापडायला हवा तो फॉरवर्ड मोकळा सुटतो. हे त्याला स्वतःला कळत नाही, शेजारच्या स्टॉपरने दर वेळी ‘वर ये’ म्हणून ओरडायला हवं. ते काम स्टॉपरला नावानिशी नेमून दे. दुसरी चूक धिप्पाड फॉरवर्डच्या पाठीला चिकटण्याची. ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गडी तुमच्याच छातीचा टेकू घेतो आणि गर्रकन वळतो. हातभर अंतर ठेवायला शिकव. गुडघ्यात वाकलेला, एक पाय पुढे, नजर चेंडूवर. चेंडू त्याच्या पायात येऊ दे. वळताना चेंडू क्षणभर त्याच्या अंगापासून सुटतो, पाय तेव्हाच घालायचा.

कॉर्नरला अशा पोराला उंच माणसावर सोपवू नको. जवळच्या खांबाशी उभा कर, नाहीतर पेनल्टी क्षेत्राच्या कडेला, परतून आलेला चेंडू उचलायला.

सरावात जुने एकीकडे आणि नवे दुसरीकडे अशा जोड्या लावू नको. तीस बाय वीस मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार, दोन्हीकडे दोन जुने, दोन नवे. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार डाव. तिथे जुना गडी पोराला पास देतो की टाळतो हे दिसतं. टाळत असेल तर सामन्यातही टाळणार, मग पोरगं कितीही चांगलं असो. आठवड्यात सामना आणि दोन जड सराव, याहून जास्त भार नको. ही पोरं कॉलेजच्या संघातही खेळतात आणि ते तुला सांगत नाहीत, सांगितलं तर बसवशील म्हणून. विचारून घे. मांडीचा मागचा स्नायू अशा दुहेरी ओढीतच जातो, आणि आठवडाभरात परत उतरवलास तर पुन्हा जातो.

ज्याची जागा काढणार आहेस त्या सीनियरला आदल्या दिवशी स्वतः भेटून सांग. यादी वाचताना त्याला कळलं तर अर्धं ड्रेसिंग रूम त्याच्या बाजूने जातं. त्याला नवीन कामही दे: शेवटची वीस मिनिटं आघाडी सांभाळायला आत यायचं. पायातला वेग गेला तरी जागा कळते त्याला. पोराला मात्र आधीच सांगून ठेव, ‘चार सामने तुझे, कसाही खेळ.’ आणि पहिल्याच चुकीला मंडळाचे कार्यकर्ते बाकाजवळ आले तरी शब्द फिरवू नको. चार सामन्यांनंतर नाहीच जमलं तर खाली बसव, त्याला कारण सांग आणि दुसऱ्याला घे. गल्लीतलं म्हणून पाचवा सामना नको.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा आणि आपला मोसम एकत्र येतात. ज्यांच्यावर भिस्त ठेवणार आहेस त्यांची वेळापत्रकं आत्ताच मागून घे आणि सामन्यांच्या तारखांशेजारी लिहून काढ. आईबापांनाही एकदा भेटून ये, पोरांच्या हाती निरोप पाठवू नको.

तुझा,
आबा