चिनूने इतिहास घेतलाय, आणि फॉर्मवर सही माझी आहे

ती. आई-बाबा,

फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई आधी माझं वजन विचारते, म्हणून लिहितेय. कुणाला काही झालेलं नाहीये. बाबा, सकाळची बीपीची गोळी राहिली असेल तर आधी ती घ्या, मग पुढे वाचा.

चिनूने कॉम्प्युटरची सीट सोडलीय. इतिहासाला अ‍ॅडमिशन घेतलं, फी भरून झाली, पालक म्हणून सही मी केली. तुम्हाला विचारलं नाही ही माझी चूक. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि ती गप्प बसली असती, आणि तिचं गप्प बसणं काय असतं ते मागच्या वेळी आपण तिघांनी तीन महिने बघितलंय. रागवायचं तर माझ्यावर रागवा, शेंडेफळावर नको.

"इतिहास घेऊन काय म्युझियमच्या दारात बसणार का," हे बाबांचं वाक्य मला इथे बसल्या बसल्या ऐकू येतंय. चुकीचं नाहीये हो, काळजीचं आहे. पण मी सहा वर्षं फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतेय, म्हणून जरा ऐका. मागे एक मुलगा आला होता, इंजिनिअर, मार्क उत्तम, सीव्हीवर टीमवर्क, लीडरशिप, कम्युनिकेशन सगळं छापलेलं. म्हटलं, टीमवर्कचा एक प्रसंग सांग. गप्प. अर्धा तास खोदल्यावर कळलं की प्रोजेक्टमधला एक जण मध्येच सोडून गेला, याने त्याचं काम बाकीच्यांत वाटलं, सरांकडून तारीख वाढवून आणली, प्रोजेक्ट पूर्ण केला. अरे मग हेच सांग ना! त्याला हे सांगण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं. शिकवलं सगळं होतं, फक्त त्याला नाव काय ते कुणी सांगितलं नव्हतं. विषय कुठलाही असो, पोरं अडकतात ती इथे.

हे मी एकटीच म्हणत नाहीये बरं का. ब्रिटनमध्ये १९९७ साली उच्च शिक्षणावरच्या डिअरिंग समितीने सांगून ठेवलंय की पदवी कुठल्याही विषयाची असो, चार गोष्टी यायलाच हव्यात: संवाद, आकडेमोड, कॉम्प्युटरचा वापर आणि शिकायचं कसं हे शिकणं. पुढे नाइट आणि यॉर्क या दोन अभ्यासकांनी रोजगारक्षमतेचे, म्हणजे नोकरी मिळवण्या-टिकवण्याच्या तयारीचे, चार भाग मांडले, विषयाची समज, कौशल्यं, स्वतःवरचा विश्वास, आणि चौथा म्हणजे आपण काय शिकलो, कसं शिकलो याचं भान. आमचा तो मुलगा या चौथ्यात नापास होता.

आता इतिहास. तिथे सनावळ्या पाठ करायच्या असं आपल्याला वाटतं, मलाही वाटायचं. पण चिनूने परवा मला दोन कागद दाखवले, एकाच घटनेबद्दलचे आणि एकमेकांच्या उलट. कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, त्यात त्याचा फायदा काय, आणि काय मुद्दाम लिहिलं नाहीये, हे शोधून शेवटी पुराव्यासकट स्वतःचं मत दिलेल्या तारखेला मांडायचं. माझ्या ऑफिसात नेमकं हेच काम आहे हो, क्लायंट एक म्हणतो, रिपोर्ट दुसरं म्हणतो, माहिती अर्धवट आणि निर्णय उद्या सकाळी हवा.

आणि बाबा, जागेच्या कागदांचं प्रकरण आठवतंय? वकिलाच्या नजरेतून सुटलं ते तुम्ही पकडलंत, की पत्रावरची तारीख जुनी आणि आत उल्लेख मात्र नंतरच्या गोष्टीचा. इतिहासवाले हेच करतात, त्याला स्रोताची चिकित्सा म्हणतात एवढाच फरक.

तुमचंच घ्या अजून. केमिस्ट्री शिकलात आणि उभा जन्म काउंटरवर हिशेबात गेला. त्या डिग्रीचा काय उपयोग झाला असं तुम्ही नेहमी हसत म्हणता, मला ते हसणं कधी आवडलं नाही. टायट्रेशनमध्ये एका रीडिंगवर विसंबायचं नाही, जुळेपर्यंत परत करायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत, मी सातवीत असताना, लाइट गेलेले, मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले. अजूनही तुमच्या हातून तीनदा मोजल्याशिवाय नोट पुढे सरकत नाही. मग उपयोग झाला नाही कसं म्हणता?

लपवत नाही काही. डॉक्टर व्हायचं तर मेडिकललाच जावं लागतं, तिथे हे सगळं चालत नाही. सुरुवातीचा पगार कदाचित कमी असेल. शिवाय इतिहासात आकडेमोड कमी पडते, म्हणून तिला जोडीला स्टॅटिस्टिक्स घ्यायला लावलंय (तोंड वाकडं केलं, पण घेतलं). आणि एक वही करायला लावलीय: काय शिकले, त्यात मी स्वतः काय केलं, ते बाहेर कुठे लागेल. दर महिन्याला मला दाखवायची. पहिल्याच पानावर "ग्रुपमध्ये भांडण झालं, मी मिटवलं" असं लिहून आलीय, म्हटलं कसं मिटवलंस तेही लिही.

तिची खोली चांगली आहे, खिडकी मोठी, पाणी चोवीस तास, गरम पाण्याचं मी स्वतः बघून आले. रूममेट शांत आहे. आईने दिलेली गोधडी पहिल्याच रात्री पांघरायला काढली तिने, तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, पण सांगून टाकते.

आता माझं ऐकायचं. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही, जिना चढताना लावायचा. बाबांची शुगर या आठवड्यात तपासायची, पुढच्या नाही, रिपोर्टचा फोटो मला. चिनूला फोन कराल तेव्हा नोकरीचं लगेच काढू नका, सध्या काय वाचतेस एवढं विचारा, ती अर्धा तास बोलेल. आणि नातेवाईक विचारतील तेव्हा "ताईने भरवलं" म्हणून सांगा, मी निस्तरते.

तुमची,
ताई

ता.क. बाबा, जागेच्या कागदांची ती फाईल चिनूला बघायचीय. सुट्टीत येईल तेव्हा माळ्यावरून काढून ठेवा. स्वतः स्टुलावर चढू नका, तीच काढेल.