वाट दाखवणारं घड्याळ शर्यतीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरी शर्यतींत, म्हणजे 'फेल रनिंग'मध्ये, जीपीएस वापरू द्यावा का, यावर आम्हा धावणाऱ्यांत नेहमी वाद होतो. सह्याद्रीतही डोंगरात धावणारे वाढले आहेत, म्हणून हे पत्र. माझं मत स्पष्ट आहे : वाट दाखवणारं घड्याळ शर्यतीत नको.

आपल्याकडे ट्रेल शर्यतीत झाडाझुडपांना फिती बांधलेल्या असतात. इथे इंग्लंडात बऱ्याचदा फक्त चेकपॉइंट ठरलेले. मधली वाट ज्याची त्याने शोधायची. सरळ ओढ्यात उतरायचं की धारेवरून वळसा घ्यायचा, हे ठरवण्यातच निम्मी शर्यत असते. ते काम घड्याळातल्या बाणाने केलं, तर स्पर्धा उरते फक्त पायांची. १९६८पासून होणाऱ्या 'ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन'मध्ये, म्हणजे मुक्कामाचं सामान पाठीवर घेऊन धावायच्या दोन दिवसांच्या शर्यतीत, वाट शोधायला जीपीएस वापरण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

एकदा सरावात मी बाणाच्या भरवशावर एस्क हॉज या खिंडीत पोचलो. ही जागा धुक्यात भल्याभल्यांना चकवते, कारण इथून वेगवेगळ्या दऱ्यांत वाटा उतरतात. पाऊस सुरू झाला. ओल्या हातमोज्यांनी घड्याळाचा पडदा हलेना, हातमोजे काढले तर बोटं वळेनात. नकाशा खिशात होता, पण तासभर तो उघडलाच नव्हता; त्यामुळे बोट ठेवायचं कुठे, हेच कळेना. होकायंत्राच्या लाल सुईवरून उत्तर ठरवून, वाटेच्या खुणेसाठी रचलेली दगडांची एकेक रास शोधत खाली आलो. त्या दिवशी खरी भीती वाटली.

'पण सुरक्षिततेचं काय?' असं विचारतात. ऑक्टोबर २००८मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल दरीत याच माउंटन मॅरेथॉनच्या वेळी पूर आला, शर्यत थांबवावी लागली आणि सतराशे धावक बेपत्ता असल्याच्या बातम्या झळकल्या. ते हरवलेले नव्हतेच. नकाशा, तंबू, खाणं सोबत असलेली ही माणसं, कुणी डोंगरात मुक्काम करून तर कुणी खाली उतरून, जवळजवळ सगळी सुखरूप परतली.

ट्रॅकरला मात्र माझा अजिबात विरोध नाही. आपण कुठे आहोत हे तो आयोजकांना सांगतो, आपल्याला नाही. तो प्रत्येकाच्या पाठीवर असावा. अडचणीसाठी बंद करून ठेवलेला फोनही सॅकमध्ये असावा. जीव धोक्यात असेल, तर तो खुशाल चालू करावा आणि शर्यत सोडावी.

आपल्याकडच्या आयोजकांना एक विनंती. हिवाळ्यात, कडे नसलेल्या एखाद्या पठारावर, दहा-बारा किलोमीटरची एक शर्यत फितींशिवाय घेऊन पाहा. आदल्या दिवशी नकाशा वाचायला शिकवा आणि सुटताना घड्याळं जमा करून घ्या.

आपला,
एक वाचक, केंडल (इंग्लंड)